निकषात न बसलेला धोका : नैरोबीतील अमेरिकी वकिलात, १९९६ ते १९९८

जून १९९८ मध्ये नैरोबीतील अमेरिकी राजदूतांना वॉशिंग्टनहून एक उत्तर आले. वकिलातीची इमारत धोक्याच्या जागी आहे, ती बदला, अशी त्यांची मागणी होती. उत्तराचा आशय असा, की राजकीय हिंसा आणि दहशतवादाच्या बाबतीत नैरोबी ‘मध्यम’ धोक्याच्या गटात मोडते, इमारत बांधकाम म्हणून ठीकठाक आहे, त्यामुळे नव्या इमारतींच्या यादीत तिचा क्रम बराच खाली लागतो. ७ ऑगस्टला त्या इमारतीच्या मागे एक ट्रक येऊन उभा राहिला आणि फुटला. २१३ माणसे मेली.

राजदूत होत्या प्रुडन्स बुशनेल. त्यांचे आणि काही सार्वजनिक व्यक्तींचे नाव येथे घेतले आहे; ‘नाही’ म्हणणाऱ्या अधिकाऱ्यांचे मात्र हुद्देच लिहिले आहेत. पुढे झालेल्या चौकशीनेही त्यांच्यापैकी कुणा एकावर ठपका ठेवला नाही. मला शोधायचे आहे ते हे, की खरी ठरलेली सूचना नेमकी कुठे अडली.

पार्श्वभूमी

बुशनेल यांचे वडील परराष्ट्र सेवेत होते. त्यामुळे त्यांचे लहानपण जर्मनी, फ्रान्स, पाकिस्तान आणि इराणमध्ये गेले. त्या स्वतः १९८१ मध्ये सेवेत आल्या आणि प्रशासनाच्या बाजूने वर चढल्या. मुंबईच्या कॉन्सुलेटमध्येही त्यांनी हेच काम केले. इमारती, भाडेकरार, गाड्या, पहारेकरी, पगार ही कामे राजनैतिक सेवेत फारशी मानाची समजली जात नाहीत. पण पुढे जे घडले ते समजून घ्यायचे तर ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी. वकिलातीच्या भिंतीकडे आणि मागच्या पार्किंगकडे पाहण्याची सवय असलेला माणूस राजदूताच्या खुर्चीत बसला होता.

त्याआधीचा त्यांचा एक अनुभव इथे सांगितलाच पाहिजे. १९९४ मध्ये त्या परराष्ट्र खात्याच्या आफ्रिका विभागात उपसहायक सचिव होत्या. मार्चमध्ये त्या रवांडाची राजधानी किगालीला गेल्या आणि शांतता कराराची अंमलबजावणी करा, असे रवांडाचे अध्यक्ष हाब्यारिमाना यांना बजावून आल्या. ६ एप्रिलला अध्यक्षांचे विमान पाडले गेले. त्याच दिवशी बुशनेल यांनी वरिष्ठांना टिपण पाठवले, की आता मोठा हिंसाचार उसळण्याची शक्यता आहे. रवांडात तुत्सींची कत्तल सुरू झाली आणि पुढच्या आठवड्यांत त्या रात्री-अपरात्री तिथल्या सैन्याधिकाऱ्यांना थेट फोन लावत होत्या. कत्तलीमागचा प्रमुख माणूस कर्नल बागोसोरा याच्याशीही बोलल्या आणि जग हे पाहते आहे, असे त्याला सुनावले. कत्तलीला चिथावणी देणारे रेडिओ केंद्र जॅम करावे, अशी त्यांची मागणी होती. संरक्षण खात्याने खर्च आणि कायद्याचे कारण देऊन ती फेटाळली. आपण योग्य तेच सांगत आहोत आणि तरी यंत्रणा हलत नाही, हे त्यांनी नैरोबीच्या दोन वर्षे आधी पाहून घेतले होते.

१९९६ मध्ये त्या केनियात राजदूत म्हणून आल्या. देशात १९९७च्या अखेरीस निवडणुका व्हायच्या होत्या, अध्यक्ष मोई यांच्या सरकारच्या भ्रष्टाचारावर रान उठले होते, नंतर एल निन्योच्या पावसाने रस्ते आणि पूल वाहून गेले. कामाला तोटा नव्हता.

अडचण

वकिलात शहराच्या ऐन मध्यात, मोई अव्हेन्यू आणि हेले सेलासी अव्हेन्यू या दोन गजबजलेल्या रस्त्यांच्या चौकात होती. रेल्वे स्टेशन जवळच. एका बाजूला को-ऑपरेटिव्ह बँकेची उंच इमारत, दुसऱ्या बाजूला उफुंडी हाऊस, त्यात सेक्रेटरीचे शिक्षण देणारे कॉलेज. मागचा वाहनतळ बँकेच्या वाहनतळाला लागून.

आपल्याकडे बांधकामाच्या परवानगीत ‘सामासिक अंतर’ नावाची गोष्ट असते. इमारत आणि हद्द यांच्यात किती जागा मोकळी सोडायची ते. १९८३ मध्ये बैरुतमध्ये आधी अमेरिकी वकिलातीवर आणि मग मरीन सैनिकांच्या तळावर ट्रकबॉम्बचे हल्ले झाले. त्यानंतर अ‍ॅडमिरल इनमन यांच्या समितीने १९८५ मध्ये शिफारस केली, की नव्या वकिलाती रस्त्यापासून किमान १०० फूट आत असाव्यात. स्फोटाचा दाब अंतरागणिक झपाट्याने उतरतो, त्यामुळे एवढ्या अंतरात माणूस वाचतो की मरतो ते ठरते. नैरोबीची इमारत मात्र १९८०च्या दशकाच्या सुरुवातीची, म्हणजे शिफारशीच्या आधीची होती. नियम पुढे बांधायच्या इमारतींना लागू होता. जुन्या इमारती हळूहळू बदलायच्या होत्या, पण शीतयुद्ध संपले आणि त्यासाठीचा पैसा आटला. परराष्ट्र खाते कमी मागायचे, काँग्रेस म्हणजे अमेरिकी संसद त्याहून कमी द्यायची.

हे अंतर कमी आहे, हे आणखी कुणीतरी पाहून ठेवले होते. अल कायदाचा हस्तक अली मोहमद याने २००० मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात गुन्हा कबूल करताना सांगितले, की त्याने काही वर्षांपूर्वी नैरोबीतील वकिलातीचे फोटो काढून ओसामा बिन लादेनला दाखवले होते. ट्रक कुठून आत घालता येईल ती जागा लादेनने फोटोतच दाखवली. बुशनेल यांना जे दिसत होते तेच त्यालाही दिसत होते. ‘मध्यम’ हा शेरा फक्त वॉशिंग्टनच्या फायलीत होता.

१९९७ मध्ये धोक्याच्या खुणा एकेक करून पुढे आल्या. ऑगस्टमध्ये लादेनचा माजी सचिव वादीह अल हागे याच्या नैरोबीतील घराची झडती झाली आणि तो केनिया सोडून गेला. नोव्हेंबरमध्ये एक इजिप्शियन माणूस स्वतःहून वकिलातीत आला आणि वाहनतळात ट्रकबॉम्ब नेण्याचा बेत असल्याचे त्याने सांगितले. गुप्तचरांना त्याचा भरवसा वाटला नाही. माहिती होती ती अशी तुकड्यातुकड्यांनी, निरनिराळ्या खात्यांच्या कपाटांत.

कोणते पर्याय समोर होते

पहिला पर्याय म्हणजे गप्प बसणे. इमारत आधीपासून तशीच आहे, आपली मुदत तीन वर्षांची, पुढचा राजदूत बघून घेईल. असे वागणारी माणसे प्रत्येक सेवेत असतात आणि त्यांना कुणी बोल लावत नाही.

दुसरा, नियमाने लिहीत राहणे. तिसरा, नियमाची पायरी ओलांडून थेट परराष्ट्रमंत्र्यांना लिहिणे. यात व्यवस्थापन बघणाऱ्या अधिकाऱ्यांचा रोष ओढवतो, आणि पत्र शेवटी त्यांच्याच टेबलावर उत्तरासाठी येते हेही ठरलेले.

चौथा पर्याय स्वतःच्या अधिकाराचा. अमेरिकी राजदूताला राष्ट्राध्यक्षांचे पत्र असते आणि त्यात त्या देशातील सरकारी कर्मचाऱ्यांच्या सुरक्षेची जबाबदारी त्याच्यावर टाकलेली असते. त्या बळावर माणसे कमी करता येतात, काही कचेऱ्या भाड्याच्या जागेत हलवण्याचा आग्रह धरता येतो. पण पैसा वॉशिंग्टनच्या हातात. जबाबदारी एकाकडे आणि तिजोरी दुसऱ्याकडे, ही या प्रकरणाची मूळ गाठ आहे.

पाचवा, राजीनामा देऊन किंवा काँग्रेसच्या सदस्यांना गाठून बोभाटा करणे. ऑगस्टच्या आधी तसे केले असते तर ‘मध्यम धोक्याच्या गावात घाबरलेली बाई’ अशीच त्यांची संभावना झाली असती, असे मला वाटते.

काय केले

बुशनेल यांनी दुसरा आणि तिसरा पर्याय घेतला. डिसेंबर १९९७ मध्ये त्यांनी तार पाठवून वकिलातीला असलेले धोके मांडले आणि नवी इमारत मागितली. वॉशिंग्टनने नकार दिला.

१९९८च्या सुरुवातीला एक संधी आली. अमेरिकी सैन्याच्या मध्यवर्ती कमांडचे प्रमुख जनरल अँथनी झिनी नैरोबीत येऊन गेले. इमारत रस्त्याला चिकटलेली पाहून तेही अस्वस्थ झाले आणि आपले तज्ज्ञ पाठवण्याची तयारी त्यांनी दाखवली. परराष्ट्र खात्याने ती मदत घेतली नाही. वकिलाती हा आपला प्रांत, असा हिशेब. मार्चमध्ये खात्याने स्वतःचे पथक पाठवले. त्याने कुंपण, पहारा अशा सुधारणा सुचवल्या आणि त्यातल्या काही सुरूही झाल्या. पण इमारत आणि रस्ता यांच्यातले अंतर कुंपणाने वाढत नाही.

एप्रिल आणि मे १९९८ मध्ये त्यांनी परराष्ट्रमंत्री मॅडेलिन ऑलब्राइट आणि व्यवस्थापनाच्या अवर सचिव यांना पत्रे लिहिली, इनमन समितीच्या निकषांत बसेल अशी नवी वकिलात हवी म्हणून. तोवर खात्यात त्यांची ख्याती ‘सुरक्षेचे खूळ घेतलेल्या राजदूत’ अशी होऊ लागली होती. जूनमधले उत्तर सुरुवातीला सांगितलेच.

त्या उत्तरातल्या तर्काकडे नीट पाहायला हवे. धोक्याची प्रतवारी ठरताना त्या ठिकाणी आधी काय घडले आणि नेमकी काय खबर आहे याला वजन होते. नैरोबीत असा हल्ला झालेला नव्हता, म्हणून प्रत मध्यम. प्रत मध्यम, म्हणून पैसा नाही. इमारत किती उघडी आहे याला या वर्तुळात स्वतंत्र जागाच नव्हती. घराला कडी नाही म्हणून तक्रार करावी आणि तुमच्या गल्लीत अजून चोरी झालेली नाही असे उत्तर मिळावे, तसे हे झाले. उत्तर लिहिणाऱ्यांच्या मनात खोट होती असे मी म्हणणार नाही. त्यांच्यापुढे यादी होती, यादीत नैरोबीच्या वर बरीच नावे होती आणि पैसा थोडा होता. निकष प्रामाणिकपणे लावला गेला, आणि तो निकषच आंधळा होता.

७ ऑगस्ट

शुक्रवार होता. बुशनेल शेजारच्या को-ऑपरेटिव्ह बँकेच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर, केनियाचे व्यापारमंत्री जोसेफ कामोथो यांच्याबरोबर बैठकीत होत्या. साडेदहा वाजून गेले होते. ट्रक वकिलातीच्या मागच्या बाजूला आला. फाटकावरच्या स्थानिक पहारेकऱ्याने आडवा दांडा उचलायला नकार दिला. त्याच्याकडे बंदूक नव्हती. एका हल्लेखोराने स्टन ग्रेनेड फेकला, त्याचा आवाज झाला आणि आसपासच्या इमारतींतली माणसे काय झाले ते पाहायला खिडक्यांशी आली. काही क्षणांनी ट्रक फुटला. खिडक्यांच्या काचा त्यांच्या चेहऱ्यांवर आल्या. कितीतरी जणांची दृष्टी गेली.

वकिलातीची इमारत उभी राहिली, पण आतून तिचा चुराडा झाला. उफुंडी हाऊस कोसळले, त्यात कॉलेजच्या मुली होत्या. मृत २१३ जणांपैकी ४४ वकिलातीचे कर्मचारी, त्यात १२ अमेरिकी आणि ३२ केनियन. कॉन्सल जनरल आणि सुटीत तिथे उमेदवारी करणारा त्यांचा तरुण मुलगा, दोघेही गेले. जखमी चार हजारांच्या घरात. जवळपास त्याच वेळी टांझानियात दार-ए-सलामच्या वकिलातीवरही हल्ला झाला. तिथे अमेरिकेने धोका नैरोबीपेक्षाही कमी, ‘अल्प’, ठरवला होता.

बुशनेल स्फोटाने फेकल्या गेल्या, ओठ फाटला. धूर आणि गर्दीने भरलेल्या जिन्याने त्या वीसेक मजले उतरल्या. इमारत आता अंगावर येणार असेच त्यांना वाटत होते. खाली आल्यावर त्यांनी टाके घालून घेतले आणि त्याच दिवशी यूएसएड या अमेरिकी मदतसंस्थेच्या इमारतीतून वकिलातीचे काम हाती घेतले.

स्फोटानंतरचे निर्णय

या भागाची चर्चा कमी होते, पण तिथेही अवघड वळणे होती. मरीन सैनिकांनी वकिलातीभोवती कडे केले आणि आत अडकलेल्यांचा शोध अमेरिकी लोकच घेऊ लागले. ढिगारा पुन्हा कोसळेल, गुप्त कागद उघडे पडलेत, पुरावा नष्ट होईल, ही कारणे होती आणि ती खरी होती. पण बाहेर उफुंडीच्या ढिगाऱ्याखाली केनियन माणसे हाका मारत होती आणि हातांनी विटा उपसणाऱ्या केनियनांना सैनिक हटवत होते. अमेरिकेच्या वैऱ्यांनी मारले आमच्यांना आणि अमेरिका वाचवते आपल्यांना, हा केनियन वृत्तपत्रांचा सूर त्यातून आला. बुशनेल यांना केनियन जनतेपुढे स्पष्टीकरण द्यावे लागले. मला हा राग रास्त वाटतो. पहिल्या काही तासांत कड्याच्या बाहेर, उफुंडीसाठी, थोडी माणसे आणि अवजारे जाहीरपणे दिली असती तर वाचलेल्यांची संख्या वाढली असती की नाही कोण जाणे, पण ती जखम एवढी खोल गेली नसती.

दुसरा निर्णय माणसे ठेवण्याचा. ज्यांना जायचे त्यांना जाऊ दिले. पुष्कळ कर्मचारी, अमेरिकी आणि केनियन, राहिले. अंत्ययात्रा, इस्पितळातल्या भेटी, तपासासाठी उतरलेली एफबीआयची मोठी फौज, त्यात १८ ऑगस्टला परराष्ट्रमंत्र्यांचा दौरा, आणि २० तारखेला अमेरिकेने अफगाणिस्तान व सुदानवर केलेले क्षेपणास्त्रहल्ले. वॉशिंग्टनच्या दृष्टीने विषय पुढे सरकला होता. नैरोबीत अजून मढी ओळखणे चालू होते.

चौकशीत काय निघाले

अ‍ॅडमिरल विल्यम क्रो यांच्या अध्यक्षतेखालील मंडळाने जानेवारी १९९९ मध्ये अहवाल दिला. कोणत्याही एका कर्मचाऱ्याने कर्तव्यात कसूर केल्याचे आढळले नाही. दोष मंडळाने एका दशकातल्या सरकारांचा आणि काँग्रेसचा मिळून मानला. राजदूतांच्या तारा आणि पत्रे अहवालात नोंदली गेली. दहा वर्षे दरसाल १४० कोटी डॉलर वकिलातींच्या सुरक्षेवर खर्चावे आणि परराष्ट्रमंत्र्यांनी यात स्वतः लक्ष घालावे, अशी शिफारस झाली. त्याच वर्षी काँग्रेसने कायदा करून नव्या वकिलातींसाठी १०० फुटांचे अंतर बंधनकारक केले.

वेगळे काय करता आले असते

आधी बुशनेल यांच्या बाजूचे. त्यांची मुख्य मागणी नव्या इमारतीची होती. जागा, आराखडा, बांधकाम मिळून तिला काही वर्षे लागली असती. जूनमध्ये होकार आला असता तरी ऑगस्टमध्ये तीच माणसे त्याच खोल्यांत असती. मोठ्या मागणीला ‘नाही’ म्हणणे वॉशिंग्टनला सोपे गेले. ‘मागच्या बाजूची चार खाती तीन महिन्यांत भाड्याच्या जागेत हलवतो, एवढा खर्च द्या’ अशी छोटी, तारीख आणि आकडा असलेली मागणी नाकारताना सही करणाऱ्याचा हात कदाचित थबकला असता.

आणि सर्वांत स्वस्त गोष्ट राहून गेली. आवाज ऐकला की खिडकीपासून दूर व्हा, जमिनीवर आडवे पडा, एवढी तालीम नव्हती. ट्रकबॉम्बसाठी वेगळा भोंगा नव्हता. फाटकावरच्या पहारेकऱ्याचा इशारा आतल्या मरीन सैनिकांपर्यंत पोहोचला नाही. ग्रेनेड आणि ट्रक यांच्या मधल्या क्षणांत इमारतीतली माणसे खिडकीकडे न जाता टेबलाखाली गेली असती तर? यासाठी वॉशिंग्टनची मंजुरी लागत नव्हती. क्रो मंडळाने नेमकी हीच सुधारणा पुढे सुचवली. बुशनेल यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि म्हणूनच हे लिहिणे जड जाते: त्यांचे सारे बळ वर लिहिण्यात गेले, खालची तालीम राहिली. तरी हेही खरे, की गाडीत भरलेल्या बॉम्बच्या शक्यतेवर खात्याची सगळी सुरक्षा-पुस्तिकाच तेव्हा कच्ची होती.

वॉशिंग्टनच्या बाजूने दोन जागा ठळक दिसतात. झिनी यांचे पथक नाकारले नसते, तर राजदूतांच्या म्हणण्याला सैन्याच्या एका तज्ज्ञ अहवालाची जोड मिळाली असती आणि ‘खूळ’ हा शब्द टिकला नसता. दुसरी जागा पत्राच्या प्रवासाची. परराष्ट्रमंत्र्यांना लिहिलेल्या पत्राला, ज्या विभागाच्या नकाराविरुद्ध ते लिहिले होते, त्याच विभागाने उत्तर दिले. मंत्र्यांनी अशा पत्रावर दुसऱ्या एखाद्या विभागाचे मत मागवण्याची प्रथा असती, तर यादीतला क्रम कदाचित तोच राहिला असता, पण निदान कुणीतरी निकषाबद्दल प्रश्न विचारला असता.

नंतर

बुशनेल १९९९ मध्ये ग्वातेमालात राजदूत म्हणून गेल्या आणि पुढे परराष्ट्र सेवेच्या प्रशिक्षण संस्थेत नेतृत्व व व्यवस्थापन शिकवणाऱ्या विभागाच्या प्रमुख झाल्या. नैरोबीची नवी वकिलात शहराबाहेर गिगिरी भागात उभी राहिली. जुन्या चौकात आता स्मृतिउद्यान आहे आणि भिंतीवर नावे आहेत. लादेनला पूर्वी आश्रय देणाऱ्या सुदानने २०२० मध्ये भरपाईपोटी ३३.५ कोटी डॉलर द्यायचे मान्य केले. ते मुख्यत्वे अमेरिकी नागरिक आणि वकिलातींचे कर्मचारी यांच्यासाठी होते. रस्त्यावरून चाललेले, बसमध्ये बसलेले, उफुंडीत टायपिंग शिकणारे केनियन त्या करारात आले नाहीत.

मुंबईचे अमेरिकी कॉन्सुलेट १९५०च्या दशकापासून ब्रीच कँडीला, भुलाभाई देसाई रस्त्यालगतच्या लिंकन हाऊसमध्ये होते. वांकानेरच्या संस्थानिकांचा तो जुना महाल. बुशनेल मुंबईत होत्या तेव्हा त्यांची कचेरी तिथेच होती. नोव्हेंबर २०११ मध्ये कॉन्सुलेट वांद्रे-कुर्ला संकुलातल्या नव्या इमारतीत गेले. व्हिसासाठी तिथे रांग लावणाऱ्याला रस्ता आणि इमारत यांच्यामधली मोकळी जागा पार करूनच आत जावे लागते.